आवरलेलं घर

हॉटेलात आजोबांना सगळे 'सुरकुते साहेब' म्हणायचे. हे त्यांचं आडनाव नव्हतं. अंथरलेल्या चादरीवर एक सुरकुती दिसली तरी त्यांचा पारा चढायचा, म्हणून हाताखालच्या पोरांनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव हळूहळू तोंडावरही रुळलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून आवडायचंही. मोठ्या हॉटेलात खोल्या तयार करणाऱ्या माणसांवर देखरेख करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. एक पाहुणा जातो, दुसरा येतो. मधल्या वेळात असं करून दाखवायचं की पहिला पाहुणा या खोलीत कधी राहिलाच नव्हता. उशीवरचा केस, आरशावरचा बोटाचा ठसा, बेसिनच्या कडेला वाळलेला टूथपेस्टचा थेंब, काही म्हणजे काही मागे उरता कामा नये. मग दारात उभं राहून चौफेर नजर टाकायची आणि खाली कळवायचं, रूम तयार.

असा माणूस निवृत्त झाल्यावर लेकीकडे राहायला आला तो जुळ्या नातवंडांसाठी. आजी आधीच देवाघरी गेलेली, जावई मालवाहू जहाजावर, म्हणजे वर्षातले बरेच महिने पाण्यावर. तेव्हा चार हात हवेत म्हणून आजोबा बॅग घेऊन हजर झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की इथे चार काय, आठ हातही पुरणार नाहीत. हॉटेलात पाहुणा बाहेर पडला की काम उरकता येतं. इथले दोन पाहुणे बाहेर पडायचं नावच घेत नव्हते. नातू रडला की छप्पर हादरायचं, म्हणून तो गडगड्या. नात दिवसभर बारीक आवाजात तक्रार करायची, म्हणून ती कुरकुरी. एकाला शांत करावं तर दुसरीला चेव यायचा. आजोबा एका टोकाने पुसत जायचे आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा दूध सांडलेलं असायचं. सुरकुते साहेबांच्या नाकी नऊ आले.

पण खरी काळजी पसाऱ्याची नव्हती. काळजी लेकीची होती. ही पोर लहानपणापासून तोंडाळ, आईशी भांडायची, बापाला टोमणे मारायची, हसली की शेजारी ऐकू जायचं. आता ती बोलायचीच नाही. बाळांचं सगळं करायची, दूध, लंगोट, अंघोळ, काही चुकायचं नाही, पण दुसऱ्या कुणाची तरी बाळं सांभाळायला घेतल्यासारखं. ताट पुढे ठेवलं तर चिवडून तसंच सारायची. नवऱ्याचा फोन वाजत राहायचा आणि ती त्याच्याकडे बघत बसायची. एकदा आजोबा बाटल्या धूत असताना ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, यांना कुणीतरी बरी आई मिळायला हवी होती."

"वेडी आहेस का तू," आजोबा म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण ते वाक्य काही केल्या त्यांच्या कानातून जाईना.

वाट दाखवली ती लसीकरणाच्या नर्सबाईंनी. दवाखान्यात दोन्ही बाळांना सुया टोचल्या, दोघांनी मिळून असा टाहो फोडला की बाहेर बसलेली मुलंही घाबरून रडायला लागली, आणि लेक समोरच्या भिंतीवर लावलेल्या हात धुण्याच्या चित्राकडे बघत बसली. नर्सबाईंनी कापूस टाकता टाकता आजोबांना बाजूला घेतलं.

"ही कधीपासून अशी आहे?"

"अशी म्हणजे? दमलीय हो ती."

"आजोबा, मी रोज दमलेल्या आया बघते. दमलेली आई वैतागते, चिडते, माझ्यावर ओरडते. ही भिंत बघतेय." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "लहान मुलं असलेल्या घरांसाठी एक आधार केंद्र आहे. घरी मदतनीस पाठवतात, डॉक्टरांशी गाठ घालून देतात, आयांना एकत्र बसवतात. तिथे जा. आजच जा."

जा म्हणणं सोपं. केंद्र पूर्वी जिथे होतं तिथे आता चष्म्याचं दुकान निघालं होतं. चष्मेवाल्याने एका कचेरीत पाठवलं. तिथल्या बाईने आजोबांचे पांढरे केस बघून, त्यांना एक शब्द बोलू न देता, ज्येष्ठ नागरिकांच्या खिडकीसमोर नेऊन बसवलं आणि वर प्यायला पाणीही दिलं. "अहो, मला नकोय आधार, माझ्या नातवंडांना हवाय," असं त्यांनी सांगितल्यावर ती ओशाळली आणि मग मात्र स्वतः उठून रस्त्यापर्यंत आली, बोट दाखवून वाट सांगितली. शेवटी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, जिन्यात उभ्या केलेल्या बाबागाड्यांमधून अंग चोरत, आजोबा पोहोचले. टेबलामागचा तरुण कुणाशी तरी फोनवर बोलता बोलता मांडीवरच्या परक्या बाळाला खुळखुळा वाजवून दाखवत होता. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या ताई घरी येऊन बघतील," तो म्हणाला. "मदतनीस मोजक्याच आहेत हो. जिथे जास्त अडलंय तिथे आधी पाठवतो."

यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं. आजोबांच्या कानात फक्त पहिलं शिरलं. घरी येऊन बघतील! आयुष्यभर त्यांना एकच ठाऊक होतं. कुणी बघायला येणार म्हणजे तपासणी, आणि तपासणीला सामोरं कसं जायचं हे सुरकुते साहेबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. शिवाय मनात एक भीतीही होती. पसारा बघून त्या बाई म्हणाल्या की या घराला मुलं सांभाळता येत नाहीत, तर?

ताई यायच्या त्या दिवशी आजोबा उजाडायच्या आधी कामाला लागले. न धुतलेल्या कपड्यांचे ढीग बाथटबमध्ये घालून पुढे पडदा ओढला. लंगोटांचे गठ्ठे, औषधाच्या अर्धवट बाटल्या, रबरी चादरी, सगळं कपाटात कोंबलं आणि दार खांद्याने रेटून लावलं. लेकीने न जेवता सारलेली ताटं स्वयंपाकघरात साठली होती, ती धुवायला वेळ नव्हता म्हणून ओव्हनमध्ये सरकवली. फरशी चकाकली. पाळण्यांमधल्या चादरींना अशी घडी पडली की हॉटेलच्या मालकाने पाठ थोपटली असती. आणि दोन पाळण्यांच्या मधे एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर चुरगळलेली शाल. आजोबांनी शाल झटकून ठेवली आणि खुर्ची जेवणाच्या टेबलाला नेऊन लावली, बाकीच्या खुर्च्यांच्या ओळीत. उचलताना हात क्षणभर थांबला होता, नाही असं नाही. पण तपासणीच्या दिवशी माणूस असा थांबत बसत नाही.

"बाळा, तो निळा ड्रेस घाल," त्यांनी लेकीला सांगितलं. "आणि जरा हसून बोल त्यांच्याशी."

लेकीने मुकाट्याने निळा ड्रेस घातला.

ताई आल्या. सपाट बुटांची, पोटाशी मोठी पिशवी धरलेली मध्यमवयीन बाई. बाळांना आजोबांनी फिरवून फिरवून नेमकं झोपवलं होतं, तेव्हा गडगड्याही गप्प आणि कुरकुरीही गप्प. ताईंनी खोल्या पाहिल्या, चकचकीत ओटा पाहिला, इस्त्रीच्या ड्रेसमधली आई पाहिली.

"झोप लागते का तुम्हाला?" त्यांनी लेकीला विचारलं.

लेकीने वडिलांकडे पाहिलं. "लागते की," आजोबाच म्हणाले. "आलटून पालटून करतो आम्ही."

"आणि जेवण?"

"व्यवस्थित."

लेक हसली. तिला हसायला सांगितलं होतं, म्हणून ती हसली.

ताईंनी पिशवी उचलली. "खरंच सांगते, इतकं नेटकं घर मी या कामात क्वचित पाहिलंय. तुम्हाला घरात वडिलांचा आधार आहे. आमच्याकडे काही घरांत दुसरं माणूसच नाही, ज्या घरी जास्त अडलंय तिथे आधी पाठवावं लागतं. तुमचा विचार आम्ही पुढे करू. काही लागलं तर केंद्रात या."

दार लागलं. आणि आता सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट, पण घडली ती अशी, की आजोबांची छाती जरा फुगली. तपासणी पार पडली होती. इतकं नेटकं घर क्वचित पाहिलंय! ते हात चोळत मागे वळले, आणि त्यांनी लेकीला पाहिलं.

ती निळ्या ड्रेसमध्ये सोफ्याच्या कडेवर तशीच बसली होती. हसू अजून चेहऱ्यावर होतं, काढायला विसरल्यासारखं, आणि त्याच्यावरून डोळ्यांचं पाणी वाहत होतं. आवाज नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "त्या आता परत येणार नाहीत ना?"

म्हणजे ही वाट बघत होती. तोंडातून अक्षर न काढता, भिंतीकडे बघत बघत, ही पोर इतके दिवस या एका माणसाची वाट बघत होती, आणि बापाने त्या माणसाला दारातून गोड बोलून परत पाठवलं होतं. स्वतःच्या हाताने. फरशी पुसून.

ते घरातल्या सपाता घालूनच धावले. जिना उतरताना एक सपात मागे राहिली, तिच्यासाठी थांबले नाहीत. ताई कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. एक पांढऱ्या केसांचा माणूस एका पायात सपात घालून "अहो ताई, अहो ताई" करत आपल्या रोखाने येतोय हे पाहून त्या आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघं तिघं दचकले.

"ते सगळं खोटं आहे," आजोबा धापा टाकत म्हणाले.

"काय खोटं आहे?"

"घर. घर खोटं आहे. मी आवरलं. मला तेवढंच येतं हो. ती झोपत नाही, जेवत नाही, मी खोटं बोललो. तुम्ही वर चला, मी तुम्हाला कपाट उघडून दाखवतो."

ताईंनी त्यांच्या पायाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. आणि काहीही न विचारता मागे फिरल्या.

वर आल्यावर आजोबांनी कपाटाचं दार उघडलं, आणि आतलं सगळं, लंगोट, बाटल्या, रबरी चादरी, त्यांच्या अंगावरून ताईंच्या पायापर्यंत घरंगळत आलं. त्यांनी बाथटबचा पडदा सरकवला. ओव्हन उघडून ताटं दाखवली, वाळलेल्या सूपची, सुकलेल्या पावाची, आणि प्रत्येक ताटाबरोबर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. सुरकुते साहेब आपल्याच हाताने आपली रूम उघडी पाडत होते. शेवटी त्यांनी टेबलाच्या ओळीतून ती लाकडी खुर्ची ओढून काढली, बाळांच्या खोलीत नेली आणि दोन पाळण्यांच्या मधे होती तशी ठेवली.

"ही इथे असते," ते म्हणाले. "ती रात्रभर हिच्यावर बसून असते. त्यांचे श्वास ऐकत. मी म्हणतो पड जरा, मी बघतो, तर म्हणते, मी झोपले आणि यांचा श्वास थांबला तर? मला माहीत होतं हो हे. आणि आज सकाळी मी ही खुर्ची उचलून नेऊन ठेवली."

आवाजाने गडगड्या जागा झाला आणि त्याने छप्पर हादरवलं. लगेच कुरकुरीने सूर धरला. आजोबा ओशाळून बघत राहिले, पण ताईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "आता कसं, बाळं असलेलं घर वाटतंय," त्या म्हणाल्या. मग बाहेर येऊन त्या सांडलेल्या लंगोटांमध्येच लेकीसमोर खाली जमिनीवर बसल्या, मांडी घालून, आता कुठे जायची घाई नाही अशा.

"आजोबा, दोघांना गाडीत घाला आणि खाली एक चक्कर मारून या. सपाता दोन्ही घाला."

आजोबा दोघांना घेऊन रस्त्यावर फिरत राहिले. दुकानांच्या काचा, भाजीच्या पाट्या, सायकली, काही दिसत नव्हतं. जीव वर टांगणीला लागला होता. ते परत आले तेव्हा लेक सोफ्यावर झोपली होती, निळ्या ड्रेससकट, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. ताई खिडकीपाशी हळू आवाजात फोनवर बोलत होत्या.

"उद्या सकाळी डॉक्टरीणबाई बघतील तिला," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "मी बरोबर येईन. हा आजार आहे आजोबा, बाळंतपणानंतर येतो, आणि बरा होतो. तिची काही चूक नाही. तिला बोलायचं होतं, ती बोलली. आजची रात्र तिला एकटी सोडू नका, आणि वाटलं तर या नंबरवर कधीही फोन करा. मदतनीस परवापासून येईल."

"पण तुम्ही म्हणालात ज्या घरी जास्त अडलंय..."

"तेच तर म्हणतेय."

आजोबांचा जीव भांड्यात पडला. आभार कसे मानावेत हे त्यांना सुचेना. आयुष्यभर पाहुण्यांचे आभार मानायची छापील वाक्यं त्यांना पाठ होती, त्यातलं एकही इथे कामाचं नव्हतं. शेवटी ते नुसते हात जोडून उभे राहिले, आणि डोळे भरून आले ते पुसायचंही राहिलं. त्या लसवाल्या नर्सबाई, तो चष्मेवाला, पाणी देणारी ती कचेरीतली बाई, खुळखुळावाला पोरगा, आणि ही जमिनीवर बसलेली बाई. यांच्यापैकी कुणीही 'आमचं काम नाही' म्हणून हात झटकले असते तर?

मदतनीस आली ती चांगली धिप्पाड, हसतमुख बाई होती आणि तिने पहिल्याच दिवशी आजोबांना तीनदा स्वयंपाकघराबाहेर काढलं. "तुम्ही पुसत राहिलात तर मी करू काय?" ती म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी औषधं सुरू केली. मग वाचनालयाच्या वर आयांची बैठक सुरू झाली. आजोबा बाबागाडी घेऊन जिन्यात थांबायचे, आणि आतून कधी रडण्याचे, कधी चक्क खिदळण्याचे आवाज यायचे. सगळं झटक्यात बरं झालं असं नाही. मधेच एखादा दिवस असा यायचा की लेक पुन्हा भिंतीकडे बघत बसायची आणि आजोबांच्या तोंडचं पाणी पळायचं. पण मग मदतनीस तिच्या मांडीवर कुरकुरीला ठेवायची, जवळ बसून राहायची, आणि तो दिवस कसाबसा सरायचा. जावई रजा घेऊन आला, राहिला, गेला. ताटं रिकामी होऊ लागली. एके सकाळी लेक गडगड्याला म्हणाली, "अरे हळू, तुझ्या बापाला समुद्रात ऐकू जाईल," आणि आजोबा हातातली बाटली खाली ठेवून तिच्याकडे बघतच राहिले.

बाळं रांगायला लागली त्या सुमाराची गोष्ट. मदतनीस दोघांना घेऊन खाली फिरायला गेली होती. घरात शांतता होती. आजोबा धुतलेल्या झबल्यांच्या घड्या घालत बसले होते, लेक समोर पाय पसरून बसली होती आणि त्यांच्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती.

"बाबा, तुम्ही कसे आहात?"

"मला काय धाड भरलीय," आजोबा म्हणाले. घडी घातली, बाजूला ठेवली.

"खरं सांगा."

आजोबांनी मान वर केली. आजी गेल्यापासून हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. म्हणजे रस्त्यात लोक विचारतात तसा खूप जणांनी विचारला होता, पण उत्तराची वाट बघत असं समोर कुणी बसलं नव्हतं. आणि बसली कोण होती, तर ही. हिच्या डोळ्यांना पुन्हा दुसरं माणूस दिसायला लागलं होतं.

'छान आहे मी' हे शब्द ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले.

"दमलोय गं," ते म्हणाले. "गुडघे धरतात. आणि तुझ्या आईची फार आठवण येते. या दोघांना तिने बघितलं नाही, ते सारखं टोचत राहतं."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, उगीच बोललो, तिच्याच जिवाला अजून किती सोसायचंय. पण लेकीने त्यांच्या हातातलं झबलं काढून घेतलं आणि ती उठली.

"मलाही येते," ती म्हणाली. "रोज येते. बसा तुम्ही, मी चहा टाकते. मग आपण तिच्याबद्दल बोलू."